एक पायरी खाली

इंगळे सरांचा उजवा हात मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतो. रुंद पंजा, आखूड बोटं, अंगठ्याच्या नखावर कधीतरी हातोडी बसल्याची काळी खूण. कशावरही तो हात ठेवायची त्यांना सवय होती. चहाच्या किटलीवर, साइटवर आदल्या दिवशी ओतलेल्या स्लॅबवर, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एकदा तर अभ्यंकर साहेबांच्या नव्या गाडीच्या बॉनेटवरसुद्धा. हात ठेवायचा, मनातल्या मनात पाच मोजायचे आणि मग मत द्यायचं. पाच होईपर्यंत कुणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे.

आमचं ऑफिस नारायण पेठेत होतं. अभ्यंकर साहेब इमारतींचे स्ट्रक्चरल इंजिनियर. म्हणजे इमारत दिसेल कशी हे आर्किटेक्टने ठरवायचं आणि ती उभी कशी राहील हे आम्ही. तुळईत किती सळया, खांब केवढा जाड, याचे हिशेब इंगळे सर करायचे आणि त्यावरून मी नकाशे काढायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि ऑफिसात सगळे मला 'लेलेबाई' म्हणत. पुण्यात बाई व्हायला वय लागत नाही, नोकरी लागते.

सर मूळचे अकोल्याचे. तीस वर्षं पुण्यात राहून त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ झाली होती, पण जीव घाबरा झाला की आतली वऱ्हाडी बाहेर यायची. उन्हाबद्दल मात्र ते पुणेकरांना कायम हसत. एप्रिलमध्ये आम्ही रुमालाने वारा घेत असू तेव्हा हे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून म्हणायचे, "याला ऊन म्हणतात होय तुमच्याकडे? आमच्याकडे याला सकाळ म्हणतात." त्यांच्या लेखी जगात माणसाचा आणि यंत्राचा एकच शत्रू होता, तो म्हणजे उष्णता. पुढे जे झालं ते या एका समजुतीमुळे झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ते दिवस विचित्र घाईचे होते. शहराच्या कडेला कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, त्यात नोकरी करणारी मुलं गावोगावहून येत होती, आणि त्या सगळ्यांना राहायला फ्लॅट हवे होते. बिल्डर लोक सोमवारी आर्किटेक्टचा नकाशा आणून टाकायचे आणि बुधवारी विचारायचे, खोदायला घेऊ का? आमच्याकडे हिशेबाचा कॉम्प्युटर एकच, तोही जुना. सात मजली इमारतीचा हिशेब लावला की एक तास चाळीस मिनिटं तो पडद्यावर नुसती टक्केवारी दाखवत बसे. मध्येच एखादी तुळई बदलली की पुन्हा एक तास चाळीस मिनिटं. सरांनी साहेबांकडे नवा कॉम्प्युटर मागितला. साहेबांनी विचारलं, "हा बंद पडलाय का?" सर म्हणाले, नाही. "मग?" साहेब म्हणाले. चर्चा संपली.

तेव्हा सर बुधवार पेठेत गेले. तिथे एका बोळात दातारांचं दुकान होतं. दातार सुटे भाग विकायचे आणि गिऱ्हाइकाला शक्यतो ते घेऊ द्यायचे नाहीत. मी बरोबर होते, म्हणून त्यांचं बोलणं ऐकलं. सरांनी विचारलं की आहे त्याच प्रोसेसरला थोडं जास्त वेगाने पळवता येतं असं ऐकलंय, ते खरं का.

"येतं," दातार म्हणाले. "आतल्या पाटीवर छोट्या टोप्या असतात, जंपर म्हणतात. त्या एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर घातल्या की वेग वाढतो. जळतंसुद्धा."

"न जळता?"

"मोठा पंखा घ्या. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लेप लावायचा, तो पोळीला तूप लावतो तसा, पातळ. पुरणपोळीला लावतो तसा नाही. आणि घाई करू नका."

"वॉरंटी?"

"वॉरंटी वस्तूची असते," दातारांनी पंखा कागदात गुंडाळत सांगितलं, "हौसेची नसते."

घाई हा शब्द सरांच्या बाबतीत काढायची गरजच नव्हती. पुढचे सहा आठवडे त्यांनी त्या यंत्राला जसं वाढवलं तसं लोक पोरं वाढवत नाहीत. सगळ्यात आधी सगळ्या फाइलींच्या नकला काढल्या. मग एक टोपी हलवायची, वेग एका पायरीने वाढवायचा, आणि तिथे थांबायचं. "पायरी चढली की बसायचं," ते म्हणत. "चढणारा पडत नाही, न बसता चढणारा पडतो." प्रत्येक पायरीवर यंत्राला परीक्षा. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक भलामोठा हिशेब त्याला पुन्हा पुन्हा करायला लावायचा आणि दरवेळी उत्तर तेच येतं का पाहायचं.

ही परीक्षा घ्यायला त्यांनी वेळ निवडली दुपारी एक ते चार. त्या वेळेत आमचं ऑफिस बंद असे. ऑफिसच काय, सगळी गल्लीच बंद असे. शेजारची पिठाची गिरणी, समोरचं झेरॉक्सचं दुकान, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळे घरी जाऊन जेवून झोपत. सर मात्र डबा खाऊन तिथेच बसत. सरांचं गणित सरळ होतं: दिवसातली सगळ्यात तापलेली वेळ तीच, खिडक्या बंद, हवा कोंडलेली. अशा वेळी जे यंत्र तीन तास न चुकता चाललं ते कधीही चालेल. चारला आम्ही परत येऊ तेव्हा ते यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवून उभे असत. पाच मोजून झाले की म्हणत, "बसलं."

चौथ्या पायरीवर यंत्र अडखळलं. उत्तर चुकलं. दुसरा कुणी असता तर त्याने तिसरीवर समाधान मानलं असतं. सर तिसरीवरूनही खाली आले आणि दुसरीवर थांबले. "जिथे अडखळलं तिथून एक नाही, दोन उतरायच्या," मी म्हणाले. ते म्हणाले, "नाही. जिथे टिकलं तिथून एक पायरी खाली. टिकणं आणि जेमतेम टिकणं यात फरक असतो, लेलेबाई." एक तास चाळीस मिनिटांचं काम आता सव्वा तासात होऊ लागलं. सरांनी पेढे आणले. साहेबांनी पेढा खाल्ला आणि कसला ते विचारलं नाही. सरांनी यंत्राच्या पत्र्यावर स्वच्छ अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली: 'याहून जास्त वेग वाढवू नये. वाढवल्यास इंगळे जबाबदार नाहीत.' इतकी वर्षं पुण्यात राहिल्याचा परिणाम, दुसरं काय.

त्यांना आता एकच चिंता होती, ती म्हणजे पीठ. शेजारच्या गिरणीतून भिंतीवरून, खिडकीच्या फटीतून पीठ यायचं आणि पंख्याच्या पात्यांवर बसायचं. पीठ बसलं की पंखा मंद, पंखा मंद की उष्णता. दर शनिवारी सर यंत्र उघडून जुन्या दाढीच्या ब्रशने ते झटकत. एप्रिल आला. पापडाच्या, सांडग्यांच्या पिठांसाठी गिरणीवर डबे घेऊन बायकांच्या रांगा लागल्या, गिरणीवाला दोन्ही जाती एकदम लावू लागला, आणि सर आठवड्यातून दोनदा ब्रश चालवू लागले. शत्रू त्या भिंतीपलीकडून येतोय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. तो कुठल्या रूपाने येतोय ते ओळखलं नव्हतं.

सरांची सकाळ साइटवर जाई. यंत्राला मोठं काम लागे ते चारनंतर. त्या उन्हाळ्यात तेरा इमारतींचे हिशेब त्या यंत्रावर झाले.

श्रावणात एका बिल्डरचा निरोप आला की वरच्या मजल्यांवरचा जिना जरा उत्तरेला सरकवायचाय. एप्रिलमध्ये केलेली सात मजली इमारत, सिंहगड रस्त्याकडची. तिचं नाव सांगत नाही, लोक राहतात तिथे. सरांनी जिना सरकवून हिशेब पुन्हा लावला, छापला आणि माझ्याकडे दिला. माझं काम इतकंच की एप्रिलचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवायचे आणि जिथे आकडा बदलला तेवढाच नकाशात बदलायचा. जिन्याभोवतीचे आकडे बदलले होते, ते ठीक. पण खांब क्रमांक चौदाही बदलला होता. बारा सळयांच्या जागी सोळा.

"सर," मी म्हणाले, "जिना उत्तरेच्या कोपऱ्यात आणि चौदा नंबर दक्षिणेच्या. हा कशाला बदललाय?"

सरांनी दोन्ही कागद घेतले. चौदा नंबरवर येणारा भार दोन्हींत एकच होता. खांबाचं मापही तेच. फक्त उत्तर वेगळं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीने हाताने हिशेब मांडला. अर्धा तास लागला. हाताने उत्तर सोळा आलं.

"कसे आले बारा?" ते स्वतःशीच म्हणाले. मग मला: "बाराचा आकडा मी पाहिला होता त्या वेळी. बरोबर वाटला. बरोबर वाटतो म्हणजे काय, नुसता ओळखीचा असतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी यंत्राला परीक्षेला बसवलं. तीन तासांत एक चूक नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी चारला आले तर ते नेहमीसारखे पत्र्यावर हात ठेवून उभे होते आणि यंत्र चालूच होतं, परीक्षा त्यांनी थांबवली नव्हती. शेजारी शटर वर गेल्याचा आवाज आला. मग गिरणी सुरू झाली, दोन्ही जाती, एकापाठोपाठ एक. आमच्या डोक्यावरची ट्यूबलाइट दोनदा डोळे मिचकावल्यासारखी मंद झाली. टेबलाखालचा स्टॅबिलायझर कट्, कट् वाजला. हे रोज चारला होत असे. इतकं रोज की आम्हाला ते दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. सर ट्यूबलाइटकडे बघत राहिले. दहा मिनिटांनी पडद्यावर उत्तर चुकलं.

त्यांनी हात पत्र्यावरून काढून घेतला.

"थंड आहे," ते म्हणाले. "यंत्र थंडच आहे." मग खुर्चीवर बसले आणि तीस वर्षांचं पुणं त्यांच्या तोंडातून निघून गेलं. "मले उन्हाचं भेव होतं, बाई. मी उन्हाकडेच पायत रायलो. इजेकडं पायलंच नाही."

एव्हाना मलाही कळलं होतं. वेगाने पळणाऱ्या यंत्राला वीज भरपूर आणि एकसारखी लागते. दुपारी एक ते चार आख्खी गल्ली झोपलेली, तेव्हा वीज भरपूर. सरांनी यंत्राची परीक्षा घेतली ती पुणं झोपलेलं असताना, आणि काम करून घेतलं ते पुणं उठल्यावर, पापडाच्या हंगामात, गिरणीच्या भिंतीला लागून. अकोल्याच्या माणसाने ऊन जोखलं होतं. पुण्याची दुपार जोखायची राहून गेली.

त्याच संध्याकाळी त्यांनी टोप्या मूळच्या पिनांवर नेऊन ठेवल्या. चिठ्ठी काढून टाकली. आणि तेराच्या तेरा इमारती मूळच्या संथ वेगाने पुन्हा मोजायला घेतल्या, एक तास चाळीस मिनिटांना एक. शिवाय प्रत्येकीतले खालचे खांब पेन्सिलीने. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी डबा उघडून तसाच बंद केलेला मी अनेकदा पाहिला. अकरा इमारतींत काही निघालं नाही. एकीत एक तुळई होती, पण ती अजून कागदावरच होती. राहिला तो चौदा नंबर. तो तळमजल्यावर पार्किंगमध्ये उभा होता, बारा सळया पोटात घेऊन, आणि त्याच्या डोक्यावर पाच स्लॅब पडले होते.

सर साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा दार उघडं होतं.

"इमारत उभी आहे ना, इंगळे?" साहेबांनी सगळं ऐकून विचारलं.

"आहे."

"मग आपणही जरा बसा."

सर बसले नाहीत. म्हणाले की खांबाभोवती नव्या सळया उभ्या करून काँक्रीटचा जाड कोट चढवायचा, पंधरा दिवसांचं काम आहे, आत्ता सोपं आहे. साहेब म्हणाले की आपण जी जादा सुरक्षा धरतो तिच्यात ही चूक सहज बसते, खांब काही पडत नाही. आणि हे खोटं नव्हतं. बहुधा पडला नसताच.

"ती जादा सुरक्षा न कळलेल्या चुकांसाठी असते, साहेब," सर म्हणाले. "कळलेल्या चुकीसाठी नसते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी बिल्डरशी बोलतो," ते म्हणाले.

आता माझा भाग येतो. तो छोटा आहे, पण टाळता येत नाही. दुसऱ्या दिवशी सर साइटवर असताना साहेब माझ्या टेबलाशी आले. "लेलेबाई, तो एप्रिलचा छापील कागद द्या जरा. बघायचाय." तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच दिसत होतं की भार तोच आणि उत्तर वेगळं, म्हणजे यंत्र चुकलं. एक कागद नसला तर कुणीही म्हणू शकत होतं की इंगळ्यांनी दुसऱ्या वेळी भार जास्त धरला. मला हे कळलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. कळलं होतं. माझी नोकरी दीड वर्षाची होती, घरी माझ्याच पगाराकडे डोळे होते, आणि साहेब हात पुढे करून उभे होते. मी किल्ली फिरवली आणि कागद दिला.

संध्याकाळी सरांनी तो मागितला. बिल्डरकडे जायचं होतं. मी ड्रॉवर उघडला, उगाच कागद चाळले आणि म्हणाले, "सापडत नाहीये, सर."

त्यांनी माझ्या टेबलावर हात ठेवला. मला वाटतं, त्यांनी पाच मोजले असावेत. मग म्हणाले, "बरं."

बिल्डरने त्यांना चहा पाजला. अभ्यंकर साहेबांचा फोन आधीच येऊन गेला होता की इंगळे वयाने जरा घाबरट झालेत, भार वाढवून धरतात, मनावर घेऊ नका. वर दुसऱ्या एका इंजिनियरचं, काळजीचं कारण नसल्याचं पत्रही होतं. सरांकडे काय होतं? एक कागद आणि स्वतःचा शब्द. महिन्याअखेर त्यांनी नोकरी सोडली. जाताना दाढीचा ब्रश मला देऊन गेले. "शनिवारी झटकत जा," एवढंच म्हणाले. मी झटकत गेले. तसा प्रत्येक शनिवार मला नकोसा व्हायचा.

सहासात वर्षांनी बुधवार पेठेत दातारांकडे गेले होते, माझ्या स्वतःच्या ऑफिससाठी कीबोर्ड घ्यायला. दातारांनी कीबोर्ड काढला, मला पाहिलं आणि परत ठेवला. "तुम्ही इंगळ्यांच्या ना?" मी हो म्हणाले. "असतात का बरे? वर्षभरात आले नाहीत. त्या इमारतीत राहायला गेलेत, ठाऊक असेलच."

ठाऊक नव्हतं. मी कीबोर्ड न घेताच स्वारगेटला आले आणि सिंहगड रस्त्याची बस पकडली.

पहिला मजला, दक्षिणेचा कोपरा. दार काकूंनी उघडलं. सर आत कपडे करत होते, तेवढ्या वेळात काकूंनी मला पाणी दिलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. "अकोल्याचं घर इकलं न् इथं आणलं मले. म्हणे उजेड चांगला हाये. उजेड कायचा, बाई? खाली तो खांब हाये. त्याच्या डोक्यावर आपण झोपतो."

मग इतरही कळलं. सोसायटीच्या पहिल्याच सभेत सरांनी उभं राहून सगळी हकीकत सांगितली होती, खांबाला कोट चढवू म्हणाले होते. सभासद बहुतेक कॉम्प्युटर कंपन्यांतले तरुण. एकाने अगदी प्रेमाने समजावलं, "काका, कॉम्प्युटर चुकत नसतो. माणूस चुकतो." सर म्हणाले, "मी तेच सांगतोय." दुसऱ्याने विचारलं की हे बाहेर कळलं तर फ्लॅट विकले जातील का? तिथे विषय संपला. कोट काही चढला नाही. पण पुढे गच्चीवर दुसरी पाण्याची टाकी बांधायचं ठरलं तेव्हा सरांनी इतकी पत्रं लिहिली, इतक्या सभा लांबवल्या, की लोकांनी कंटाळून टाकी रद्द केली. मोबाइलच्या मनोऱ्याचंही तेच केलं. इमारतीत त्यांना आता सगळे विक्षिप्त म्हणत. विक्षिप्त माणसाचा एक फायदा असतो, त्याच्याशी वाद घालायला कुणी येत नाही.

सर बाहेर आले. बारीक झाले होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट तोच, हातात बॅटरी.

"लेलेबाई," ते म्हणाले, "चार वाजताच आलात."

मी उभी राहिले. बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. "सर, तो कागद मी साहेबांना दिला होता."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तेव्हापासूनच. तुमच्या ड्रॉवरात कधी काही हरवलं नाही." त्यांनी चपला घातल्या. "टोपी मी हलवली होती, लेलेबाई. तुम्ही नाही. चला खाली."

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी माझा वाटा लहान करून दाखवला, आणि मला ते जास्त लागलं.

पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळायच्या तयारीत होती. चौदा नंबरवर त्यांनी विटेच्या तुकड्याने तीन यष्ट्या काढल्या होत्या. यष्ट्यांच्या वर, सरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, गिलाव्यात केसासारखी बारीक भेग होती आणि तिच्यावर आडवी चिकटवलेली काचेची एक अरुंद पट्टी. भेग रुंदावली तर काच तडकते, ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत. बाजूला गिलाव्यावर पेन्सिलीने काच लावल्याची तारीख. सरांनी बॅटरी तिरकी धरून काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मुलं बॅट टेकवून थांबली होती, वर्गात हजेरी चालू असताना थांबतात तशी. त्यांना हे रोजचं असणार.

"हात ठेवा," सर मला म्हणाले.

मी हात ठेवला. खांब गार होता. मनात एक, दोन मोजले, आणि तळव्याखाली काहीतरी थरथरलं. मी हात काढणार तेवढ्यात सरांनी माझ्या मनगटावर त्यांचा हात ठेवला.

"दुसऱ्या मजल्यावर एकांकडे घरातली चक्की आहे," ते म्हणाले. "चारला दळायला लावतात. घाबरू नका, पाच पुरे करा."

तीन. चार. वर कुणाच्या तरी घरी गहू दळले जात होते आणि ते सगळं, ती माणसं, त्यांचे पलंग, त्यांची भांडी, त्यांचं हंडाभर पाणी, त्या बारा सळयांतून माझ्या हातापर्यंत येत होतं. मी कागदावर शेकडो खांब काढले होते. खांब म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं आणि मला रडू आलं. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

फाटकापाशी जाऊन मी मागे पाहिलं. एक मुलगा ओरडला, "आजोबा, झालं का?"

"झालं. खेळा," सर म्हणाले. बॅटरी विझवून खिशात ठेवली. पण ते बाजूला झाले नाहीत. खांबाला टेकून, यष्ट्या मोकळ्या राहतील इतकेच सरकून तिथेच उभे राहिले, उजवा हात मागे नेऊन खांबावर ठेवलेला, आणि चक्की थांबायची वाट बघत होते.